एक्साइजवाल्याच्या लेकीची भट्टी

बाबा येणार म्हणून आम्ही बेसमेंट आवरलं. आईवडील येणार म्हटलं की इथले लोक देव पुसतात, फ्रीजमधली अंडी मागे सरकवतात. आम्ही बिअरच्या दोन पांढऱ्या बादल्या, मोठं स्टीलचं पातेलं आणि रिकाम्या बाटल्यांचे क्रेट वॉशिंग मशीनच्या मागे ढकलले आणि पुढे ख्रिसमसच्या झाडाचा खोका उभा केला. नवरा घामाघूम होऊन म्हणाला, "यार, पन्नाशीला आलो आपण. स्वतःच्या घरात लपवाछपवी करतोय." मी म्हटलं, तुझे वडील पोस्टात होते, तू बोलूच नकोस.

माझे वडील एक्साइजमध्ये होते. उभी नोकरी त्यांनी हातभट्ट्या फोडण्यात घालवली. पहाटे नाल्याकाठानं जायचं, जमिनीत पुरलेले ड्रम उकरून काढायचे, आंबवलेलं रसायन ओतून द्यायचं, गावातले दोन पंच उभे करून पंचनामा करायचा आणि नमुन्याची बाटली लाखेनं सील करायची. घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना आंबलेल्या गुळाचा वास असायचा. आई ते कपडे चिमटीत धरून वेगळे भिजवायची. मला तो वास आवडायचा, पण हे सांगायची सोय नव्हती. त्यांनी स्वतः आयुष्यात दारूचा एक थेंब घेतला नाही आणि दारूवाल्याकडचा चहासुद्धा घेतला नाही. आणि त्यांची एकुलती एक लेक मिनेसोटात, ईडन प्रेरीत, तळघरात हौसेनं बिअर करते. ऑफिसात हे सांगितलं की लोक डोळे मोठे करून "सो कूल" म्हणतात. नागपुरात सांगितलं असतं तर मामा माझ्याशी बोलायचे बंद झाले असते.

छंद माझाच आहे, हेही सांगून टाकते. नवरा पिणारा, मी करणारी. पाहुण्यांना मात्र उलटं वाटतं, आणि तो ते दुरुस्त करत नाही.

बाबांना मी फिरायला बोलावलं नव्हतं. ते तसं समजत होते. आई गेल्यापासून ते नागपूरच्या घरात एकटे होते, आणि गेल्या उन्हाळ्याआधी ते न्हाणीघरात पडले. संध्याकाळी पडले ते सकाळी कामवाली बाई आली तेव्हा उठले. मला हे त्यांनी सांगितलं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेही आठवड्यानं. त्या दिवशीच मी ठरवलं की त्यांना इथं आणायचं आणि परत जाऊ द्यायचं नाही. ग्रीन कार्डाचं वकिलाशी बोलून ठेवलं होतं. फक्त त्यांनी हो म्हणायचं बाकी होतं. त्यांनी येतानाच ऑक्टोबरचं परतीचं तिकीट काढून आणलं होतं, आणि आमची मुलगी कॉलेजला गेल्यामुळे रिकामी झालेली खोली दिली तरी त्यांनी कपाटात एक सदरा लावला नाही. बॅग पलंगाखाली उघडी ठेवून त्यातूनच कपडे काढायचे, धुऊन घडी करून त्यातच ठेवायचे. रेल्वेच्या वेटिंग रूममधल्या माणसासारखे राहायचे.

आता भट्टीवर येते. आमचा खरा प्रश्न मालाचा होता. बिअरला माल्ट लागतं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. आमच्या गावातलं दुकान महाग आणि ऑनलाइन स्वस्त, पण जवाचं पोतं जड असतं आणि ते दारापर्यंत आणायचं भाडं पोत्याच्या बोकांडी बसतं. ठरावीक रकमेच्या वर खरेदी केली की शिपिंग फुकट. त्या फुकटपायी आमच्याकडे आजघडीला तीन थर्मामीटर आहेत. शिवाय फुकटवालं येतं तीन आठवड्यांनी, बैलगाडीनं आल्यासारखं. नवरा पुण्याचा. त्याला हे सहनच होत नव्हतं. त्यानं वाचून वाचून शोध लावला की माल्ट म्हणजे दुसरं काही नाही, मोड आलेलं जव. "अगं, आपण मटकीला मोड आणतो ना? मग इंडियन ग्रोसरीतून जव आण, फडक्यात बांध, झालं. यासाठी हे लोक एवढे पैसे घेतात."

हसू नका. मीही आणलं. बाबा आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. घरात बाप एक्साइजचा आणि आम्ही ओव्हनमध्ये दिवा लावून, आईच्या जुन्या मऊ साडीच्या फडक्यात जव बांधून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी मोड काही दिसेनात, पण घरभर वास सुटला. बाबा वर्तमानपत्र मोबाईलवर वाचत बसले होते, ते उठून स्वयंपाकघरात आले.

"काय करून राहिली तू?"

"काही नाही बाबा. मटकीला मोड आणतेय."

त्यांनी ओव्हन उघडला. गाठोडं सोडलं, एक दाणा घेतला, दोन बोटांत चुरडला आणि नाकापाशी नेला. मला एकदम नवव्या वर्षी सायकल हरवून घरी आल्यासारखं झालं.

"हे जव आहे. तेही पॉलिश केलेलं," ते म्हणाले. "याचा डोळाच काढून टाकलेला आहे. वर्षभर ठेव, मोड येणार नाही, नासेल फक्त." मग फडकं तसंच ठेवून, आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "बादल्या कुठं आहेत?"

मी म्हटलं, कोणत्या बादल्या. ते उत्तर न देता जिना उतरून खाली गेले, थेट ख्रिसमसच्या खोक्यापाशी, आणि तो बाजूला केला. मी नंतर विचारलं, कसं कळलं. म्हणाले, डिसेंबरातला खोका जूनमध्ये असा असतो का, धुळीचं नाव नाही त्यावर.

नवरा जिन्यावर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बघून मला त्याही परिस्थितीत बरं वाटलं, कारण मटकीची आयडिया त्याची होती. बाबांनी झाकण उघडलं नाही. फक्त बादलीवर हात ठेवला.

"लायसन्स?"

"घरापुरती करायला लागत नाही इथं, बाबा. विकायची नाही फक्त."

"ड्यूटी?"

"तीही नाही."

ते खालच्या पायरीवर बसले. मी वाट बघत होते की आता आईचं नाव निघेल, संस्कार निघतील. उभी नोकरी एका कामात घालवलेल्या माणसाला अर्ध्या जगानं सांगावं की ते काम करायची काही गरज नव्हती, तर तो काय बोलेल? शेवटी ते एवढंच म्हणाले, "बरं आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मात्र विचारलं, "माल कुठून घेता?"

हा त्यांच्या खात्याचा प्रश्न होता. ते भट्टी कधीच शोधायचे नाहीत. गूळ शोधायचे. कोणत्या किराणावाल्याकडे अवेळी गुळाच्या भेल्या उठतात, नवसागर कोण नेतं, तिथून मागे मागे जात नाल्यापर्यंत पोचायचे. नवऱ्याला तेवढंच हवं होतं. त्यानं लॅपटॉप उघडून ऑनलाइनचे भाव, दुकानाचे भाव, शिपिंग, सगळं सासऱ्यांसमोर मांडलं. जावयाचा एवढा उत्साह मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे फुकटवालं आज मागवलं तर कधी येईल, जावईबापू?"

"तीन आठवडे धरा, बाबा."

"तेव्हा मी असेन का इथं, कोणाला माहीत. दुकान दाखवा."

मी चिडले. म्हटलं, ऑक्टोबरचं तिकीट आहे तुमचं, जून चाललाय, असाल ना. "तिकीट तर आहे," ते म्हणाले आणि बूट घालायला गेले. पुढे काहीही मागवायचं म्हटलं की हेच. फोनचं कव्हर असो की गुडघ्याचा पट्टा, येईपर्यंत मी असेन का. ऑनलाइन म्हटलं की त्यांच्या तोंडून ठरल्यासारखं हे वाक्य यायचं.

दुकान घरापासून चालत जाण्यासारखं आहे, म्हणजे होतं. स्ट्रिप मॉलमध्ये, एका बाजूला नेल सलोन आणि दुसऱ्या बाजूला टॅक्स भरून देणारा. आत जवाची पोती, हॉप्स नावाच्या कडू फुलांची पाकिटं, यीस्टचा फ्रीज आणि काउंटरमागे बाबांच्याच वयाचा, गॅलिस लावलेला एक कमी बोलणारा अमेरिकन. बाबांनी सरळ जाऊन हात पुढे केला आणि पंचनाम्यात लिहायचे त्या इंग्रजीत म्हणाले, "आय ॲम फ्रॉम एक्साइज." त्या माणसानं मुकाट्यानं ड्रॉवर उघडून लायसन्स बाहेर काढलं. बाबांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, परत दिलं, आणि मग सांगितलं की मी रिटायर झालोय, तेही इंडियात. तो माणूस इतका हसला की त्याला बसावं लागलं. बाबा हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी एकटेच परत गेले.

मग रोजच जायला लागले. दुपारी जेवून, थोडं पडून, चारच्या सुमाराला. तिथं दोघं स्टुलावर बसायचे. काय बोलायचे देव जाणे. एकानं आयुष्यभर लोकांना दारू करायला शिकवलं आणि दुसऱ्यानं लोकांनी केलेली ओतून दिली, म्हणजे विषय एकच म्हणायचा. बाबा घरी येऊन सांगायचे, आज त्यानं मला जळक्या माल्टचा वास दाखवला. मी त्याला मोहफुलांचं सांगितलं. त्याला मोहफुलं पाहायची आहेत.

नवरा खूश. त्याचा हिशोब असा की सासरे तिथं बसतात-उठतात, म्हणजे आता आपल्याला ओळखीचा भाव मिळणार. ऑनलाइनपेक्षाही स्वस्त, वर शिपिंग नाही. आणि तो दुकानवाला खरंच द्यायला तयार होता. एकदा फाटलेलं पोतं अर्ध्या किमतीत नेता का म्हणाला, एकदा यीस्टची दोन पाकिटं तशीच पुढे सरकवली. बाबांनी ती काउंटरवरून परत ढकलली. दारूच्या धंद्यातल्या माणसाकडून सवलत घ्यायची नाही. फाटलेल्या पोत्याचे त्यांनी पूर्ण पैसे दिले, माझ्याच कार्डावर. त्याची कॉफीसुद्धा प्यायचे नाहीत. घरून थर्मासात चहा न्यायचे आणि स्टुलावर बसून स्वतःचा चहा स्वतः प्यायचे. अशा रीतीनं माझ्या वडिलांच्या इभ्रतीमुळे आम्ही उभ्या मिनेसोटात सर्वात महाग माल घेणारे गिऱ्हाईक झालो. "अगं, त्यांना सांग ना, रिटायर होऊन जमाना झाला," नवरा कुरकुरायचा. मी म्हटलं, तू सांग. त्यानं काही सांगितलं नाही.

खाली बेसमेंटमध्ये मात्र आता रीतसर कारभार सुरू झाला. बादली बंद केली की दोन आठवडे उघडायची नसते, हवा लागली की नासते, आणि नवऱ्याला दर दोन दिवसांनी झाकण वर करून बघायची सवय. बाबांनी झाकणाभोवती चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर, अर्धी पट्टीवर आणि अर्धी बादलीवर येईल अशी सही केली. पंच म्हणून माझी आणि नवऱ्याची सही घेतली. नवरा म्हणाला, माझ्याच बिअरला मी हात लावू शकत नाही. बाबा म्हणाले, मुद्देमाल आहे. त्या उन्हाळ्यात आमची एकही बादली नासली नाही. बाबा चव घ्यायचे नाहीत, नुसता ग्लास उजेडात धरून बघायचे, वास घ्यायचे आणि "स्वच्छ आहे" म्हणून परत द्यायचे. मला एवढा आनंद बोर्डात आले असते तरी झाला नसता.

पण बॅग पलंगाखालीच होती.

सप्टेंबरात झाडं पिवळी पडायला लागली आणि माझा धीर सुटत चालला. मी रोज विषय काढायचे. जेवताना काढायचे, गाडीत काढायचे, ते दाढी करत असले तरी दाराबाहेरून काढायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं. "तिथं मला लोक ओळखतात. इथं मी कोण? तुझा बाप." एकदा माझं डोकं सणकलं. म्हटलं, ओळखतात ना, मग तुम्ही रात्रभर फरशीवर पडून होतात तेव्हा त्या ओळखणाऱ्यांतलं कोण आलं होतं? त्यांनी ताटातली भाजी संपवली, ताट धुऊन ठेवलं आणि बाहेर पडले. चारची वेळ नव्हती तरी दुकानात जाऊन बसले. मी गॅलरीत उभी राहून रडले आणि मग एका मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसले.

ऑक्टोबर लागला आणि दुकानाच्या काचेवर कागद चिकटला. दुकान बंद होणार. बाबांनी घरी येऊन सांगितलं आणि सरळ खोलीत गेले. नवऱ्यानं फोनवर पाहून दुजोरा दिला, सगळ्या मालावर मोठी सूट आहे म्हणाला आणि माझं तोंड बघून गप्प बसला. माझ्या मनात सूट नव्हती. मला वाटलं, झालं, संपलं. ते इथं ज्या एका ठिकाणी कोणीतरी होते, तेच ठिकाण गेलं. तिकिटाला आठवडा-दीड आठवडा उरला होता.

शेवटच्या दिवशी मी त्यांना गाडीनं घेऊन गेले. फडताळं जवळजवळ रिकामी झाली होती. दुकानवाला बाबांना एका पोत्यात काहीबाही भरून देत होता, आणि बाबा नको नको म्हणत होते. शेवटी त्यानं ते पोतं ठेवून दिलं आणि मागे जाऊन दोन कप कॉफी घेऊन आला. कागदी कप होते, नेहमीचे चिनीमातीचे मग बांधून झालेले असावेत. एक कप त्यानं बाबांच्या पुढे ठेवला, सवयीनं, घेणार नाहीत हे माहीत असून. बाबांनी त्या दिवशी थर्मास आणला होता की नाही मला आठवत नाही. त्यांनी तो कप उचलला आणि सावकाश, पूर्ण संपवला. काळी, बिनसाखरेची, करपट वासाची कॉफी. मी दाराशी उभी होते, मी पार्किंगकडे बघत राहिले.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "त्याची मुलगी त्याला घेऊन चालली. ॲरिझोनाला. तिथं तो कोणालाच ओळखत नाही."

मी म्हटलं, "हं." मला विषय काढायची हिंमत नव्हती.

"मी त्याला म्हटलं, कशाला जातो, इथं तुला लोक ओळखतात. तर म्हणतो, जे ओळखत होते ते आता ऑनलाइन घेतात." सिग्नलला गाडी थांबली. "मुलीनं म्हणे एकदाच विचारलं. लगेच हो म्हणाला. मी सांगितलं, माझी तर रोज जीव खाते."

"खातेच," मी म्हटलं.

"नागपुरात मला ओळखणारं आता कोण कोण आहे, ते मी मघापासून मोजून राहिलो." ते बोटं बघत होते. "बाई आली. दूधवाला आला. मग गाडी अडली."

मी ब्रेकवरून पाय काढला. बोलले असते तर रडले असते आणि सिग्नल हिरवा झाला होता. घरी आलो, चहा झाला. नवरा वर कॉलवर होता. बाबा जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते कॉम्प्युटर काढ. त्यानं मला एक बिअर सांगितली आहे. ती थंडीत गॅरेजात मुरत ठेवायची असते, चारपाच महिने. थंडी इथं फुकट आहे म्हणाला."

मी साइट उघडली. त्यांनी नावं सांगितली, मी एकेक टाकत गेले. माल्ट, हॉप्स, यीस्ट. शेवटी शिपिंगचं पान आलं. पैसे देऊन तीन दिवसांत, की फुकट आणि तीन आठवड्यांनी. मी सवयीनं तीन दिवसांवर बोट नेलं, त्यांचं ते वाक्य यायच्या आत.

"नको," ते म्हणाले. "खालचं घे."

खालच्या ओळीत माल पोचायची तारीख होती, नोव्हेंबरातली. मी ती दोनदा वाचली. "बाबा," मी म्हटलं, "हे तुमच्या फ्लाइटनंतर येईल."

"इंग्रजी वाचता येतं मला. दाब."

मला स्क्रीन नीट दिसेना, तरी दाबलं. बाबांनी स्वतःच्या रुमालानं माझं नाक पुसलं, चौथीत पुसायचे तसं, जोरात. वरून नवऱ्यानं जिन्यावर येऊन विचारलं, काय मागवलं, आणि शिपिंगचं काय झालं.

"फुकट आहे, जावईबापू," बाबा म्हणाले. "येईल सावकाश. घाई कोणाला आहे?"